रोजच्या गाडीचे ब्रेक सुधारताना: पॅड, ब्रेक ऑइल आणि होज यांचा वर्षभराचा अनुभव

माझी गाडी रोजच्या वापराची साधी हॅचबॅक आहे. पुढे व्हेंटिलेटेड डिस्क (चाकासोबत फिरणारी, मधून हवा खेळणारी तबकडी), मागे ड्रम आणि जोडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडू न देणारी यंत्रणा), अशी तिची मूळ रचना. शहरातल्या रहदारीत तिच्या ब्रेकबद्दल तक्रार करण्याजोगे मला कधी काही आढळले नव्हते. तक्रार सुरू झाली ती एका लांब घाटाच्या उतारावर. गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली होती, मी चौथ्या गिअरमध्येच खाली येत होतो (ही चूक माझीच), आणि शेवटच्या पाचसहा वळणांवर असे जाणवू लागले की पेडल नेहमीइतकेच घट्ट आहे, परंतु त्याच दाबाला गाडी पूर्वीसारखी आवरत नाही. पायथ्याशी थांबलो तेव्हा पुढच्या चाकांपाशी जळकट, उग्र वास येत होता आणि डाव्या चाकाची रिम उजव्यापेक्षा स्पष्टपणे अधिक तापलेली होती. त्या डाव्या चाकाचा अर्थ मला पुढे दोन आठवड्यांनी कळला.

त्यानंतर मी पुढचे पॅड (डिस्कवर दाबले जाणारे घर्षणाचे तुकडे), पुढच्या डिस्क, चारही चाकांचे होज (ब्रेक ऑइल चाकापर्यंत नेणाऱ्या लवचिक नळ्या) आणि पेडलचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणारे ब्रेक ऑइल बदलून घेतले. माझे मत आधीच सांगतो: पॅड आणि ऑइल यांवरचा खर्च पुरेपूर वसूल झाला, होज नसते बदलले तरी चालले असते, डिस्क मूळ मापाच्याच घेतल्या याचे समाधान आहे, आणि मोठ्या कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) जो संच विक्रेता आग्रहाने सुचवत होता तो नाकारला हे फार बरे झाले.

घाटातल्या उतारावर ब्रेक दोन प्रकारे दगा देतात आणि त्यांतला फरक पायाला कळतो. पेडल घट्ट असून गाडी थांबत नसेल तर पॅड तापलेले असतात, म्हणजे त्यांतल्या चिकट राळेचे विघटन होऊन वायू सुटू लागतो आणि घर्षण कमी होते. पेडल मऊ लागून खाली जात असेल तर कॅलिपरमधले ब्रेक ऑइल उकळलेले असते, कारण द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. माझा प्रकार पहिला होता. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा, कारण त्यात शेवटी पायाखाली काहीच उरत नाही.

उतारावर ब्रेकवर किती भार येतो याचा हिशेब मांडला तेव्हा मी स्वतः चकित झालो. माणसांसह १,२०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवायची तर सुमारे ४ लाख ६३ हजार ज्यूल ऊर्जेची उष्णता करावी लागते. तेवढ्या उष्णतेने सव्वा लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. तीच गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणायची तर सुमारे ५९ लाख ज्यूल, म्हणजे ताशी १०० वरून जवळपास साडेबारा वेळा थांबण्याइतके काम होते. हवेचा विरोध आणि इंजिन त्यातला काही वाटा उचलतात. मी चौथ्या गिअरमध्ये राहून इंजिनाचा वाटा जवळजवळ काढूनच घेतला होता आणि सगळा भार पॅडवर टाकला होता.

काही बदलण्यापूर्वी मी एका बंद आवारातल्या सरळ, रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर ताशी ८० वरून पूर्ण जोराने ब्रेक दाबून पाहिले. जिथे दाबायचे तिथे खूण ठरवली आणि जिथे गाडी थांबली तिथे रस्त्यावर रंगाची रेघ ओढली. पेडलमध्ये एबीएसची ती ओळखीची धडधड दर वेळी जाणवली. याचा अर्थ असा की मूळ ब्रेकसुद्धा थंड असताना चाके अडवण्याइतके जोरदार होते आणि गाडी किती अंतरात थांबणार हे टायरची रस्त्यावरची पकड ठरवत होती. बाजारात सुट्या भागांच्या वेष्टनांवर थांबण्याचे अंतर कमी करण्याची जी ग्वाही असते, ती अशा गाडीला एका झटक्याच्या ब्रेकपुरती लागू पडत नाही. ब्रेक सुधारून मिळते ते पाचव्या, दहाव्या वेळीही पहिल्यासारखेच थांबण्याचे सामर्थ्य, आणि पायाच्या दाबाला मिळणारा नेमका प्रतिसाद.

पॅड निवडताना मी पहिल्यांदा चुकलो. उत्साहाच्या भरात शर्यतीच्या वापराकडे झुकणारा एक संच घेतला, ज्याचे घर्षण तापल्यावर खुलते. रोज सकाळी पहिल्या दोनतीन ब्रेकना गाडी निवांतपणे पुढे सरकायची आणि मग हळू वेगात चाकांतून असा कर्कश आवाज यायचा की फाटकाबाहेरूनच घरच्यांना मी आल्याचे कळायचे. डिस्क ब्रेकचा हा दुर्गुण जन्मजात म्हणावा लागेल. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या डिस्क ब्रेकमध्ये घर्षणासाठी तांबे वापरलेले होते आणि तेही भयंकर किंचाळत असत. महिन्याभरात मी तो संच काढून टाकला आणि रोजच्या वापरासाठी बनवलेले सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातूचा अंश मिसळलेले, पॅड बसवले.

पॅडच्या कडेला छापलेल्या क्रमांकाच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरे असतात, ती वाचायला मी या निमित्ताने शिकलो. पहिले अक्षर सामान्य तापमानाचे घर्षण सांगते, दुसरे तापलेल्या अवस्थेतले. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. माझ्या जुन्या पॅडवर 'एफई' होते, म्हणजे तापल्यावर ते एक पायरी खाली उतरत होते. नव्यांवर 'एफएफ' आहे. पॅड किती दिवस टिकेल किंवा डिस्कला किती खाईल हे त्या अक्षरांवरून कळत नाही, तरी रोजच्या गाडीला दोन्ही अक्षरे सारखी असलेला पॅड घ्यावा, इतका निष्कर्ष मी त्यांवरून काढला. युरोपीय आर ९० नियमाची खूण असलेला पॅड मूळ पॅडच्या कामगिरीपासून १५ टक्क्यांपेक्षा जास्त इकडेतिकडे जात नाही; मागच्या ड्रमशी समतोल बिघडू नये यासाठी मला ही खूण अक्षरांहूनही महत्त्वाची वाटते. पुढचे ब्रेक प्रमाणाबाहेर जोरदार केले तर पुढची चाके लवकर अडतात, मागच्या चाकांची पकड पुरती वापरली जात नाही, आणि एवढा खर्च करून थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते.

जुने पॅड निघाले तेव्हा त्या तापलेल्या डाव्या रिमचा उलगडा झाला. उजवीकडचे दोन्ही पॅड सारखे झिजलेले होते. डावीकडचा बाहेरचा पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक होता, तर आतला एका टोकाला जेमतेम तीन मिलिमीटर उरून पाचरीसारखा तिरका झालेला होता. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो त्यांतली एक, रबरी टोपण फाटल्यामुळे, गंजून जागीच बसली होती. मेकॅनिकने तिला हातोडीचे दोन ठोके दिल्यावर ती तांबूस भुकटी सांडत बाहेर आली. म्हणजे डावा ब्रेक पाय उचलल्यावरही पुरता सुटत नव्हता आणि दिवसभर थोडाथोडा घासत राहिला होता. पिन घासून, ब्रेकसाठीचे खास ग्रीस लावून, नवी टोपणे बसवायला अर्धा तासही लागला नाही. घाटात मला जे वाईट ब्रेक वाटले होते, त्यांतला मोठा हिस्सा या एका पिनेचा होता हे मला मान्य केले पाहिजे. नवे भाग मागवण्याआधी चाक काढून ही पिन पाहिली असती, तर कदाचित मी इतका खर्च केलाच नसता.

ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो खरे, पण त्यात तेलाचा थेंबही नसतो. चुकून खनिज तेल पडले तर आतली रबरी सीले फुगून निकामी होतात. नेहमीचे ब्रेक ऑइल ग्लायकोल जातीचे असते आणि हवेतली आर्द्रता शोषते. त्यामुळे त्याचे दोन उत्कलनबिंदू दिलेले असतात, एक कोरड्या अवस्थेचा आणि दुसरा सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतरचा. डॉट ३ या दर्जाच्या ऑइलसाठी ते किमान २०५ आणि १४० अंश सेल्सियस, डॉट ४ साठी २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० असावे लागतात. माझ्या टाकीत चार वर्षांचे डॉट ३ होते आणि ब्लीडिंगच्या (जुने ऑइल आणि अडकलेली हवा बाहेर काढण्याच्या) वेळी पारदर्शक नळीतून ते गडद तपकिरी, गढूळ असे उतरताना पाहून मला थोडी लाजच वाटली. त्या जागी मी डॉट ४ भरून घेतले. डॉट ५.१ ही बसले असते, परंतु दर दोन वर्षांनी बदलायचेच असेल तर रोजच्या गाडीला डॉट ४ पुरते. नुसते 'डॉट ५' लिहिलेला डबा मात्र कोणी देऊ केला तर घेऊ नये. ते सिलिकॉनचे असते आणि या दोन्हींत मिसळत नाही.

स्टीलची जाळी गुंफलेल्या होजबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. रबरी होज दाबाखाली किंचित फुगतो, हा फुगत नाही, म्हणून पेडल थोडे वर आणि कडक लागते. रबरी होज तडे जाऊन जुना झाला असेल तर बदलावा, एरवी तो पैसा टायरसाठी ठेवावा.

डिस्क घेताना भोकाभोकांच्या डिस्क दिसायला देखण्या असल्याने मलाही त्यांचा मोह झाला होता. पॅडमधून सुटणाऱ्या वायूला वाट मिळावी हा त्या भोकांचा मूळ हेतू. आजच्या पॅडमधून तितका वायू सुटत नाही, आणि भोके पाडली की उष्णता साठवणारा लोखंडाचा तेवढा भाग कमी होतो, शिवाय भोकांच्या कडेपासून तडे जाऊ लागतात. खाचांच्या डिस्क पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवतात, पण पॅड लवकर खातात आणि गुरगुरतात. माझ्या जुन्या डिस्क कडेवर कोरलेल्या किमान जाडीच्या जवळ आलेल्या होत्या, म्हणून मी साध्या, सपाट, मूळ मापाच्या, मधल्या भागाला गंजरोधक लेप दिलेल्या डिस्क घेतल्या.

मोठ्या कॅलिपरच्या संचाबद्दल विक्रेता जे सांगत नव्हता ते असे: कॅलिपरचे पिस्टन मोठे झाले की मास्टर सिलिंडरला (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या पंपाला) अधिक ऑइल ढकलावे लागते आणि पेडल खोल जाते, मोठी डिस्क मूळच्या रिममध्ये मावत नाही, आणि मोठी रिम घेतली तरी डिकीतले जादा चाक त्या कॅलिपरवर बसत नाही, हे पंक्चर झाल्यावर अंधारात कळते. बंद शर्यतमार्गावर वारंवार गाडी चालवणाऱ्याची गोष्ट निराळी.

काम ज्या गॅरेजमध्ये केले त्याचे नाव घेत नाही, कारण पॅड आणि पिना त्यांनी नीट बसवल्या. ब्लीडिंग मात्र घाईत उरकले. गाडी हातात आली तेव्हा पेडल पहिल्या दाबाला मऊ आणि दुसऱ्याला घट्ट लागत होते, आणि हे होजमध्ये हवा राहिल्याचे स्पष्ट लक्षण असूनही 'नवे आहे, वापराने बसेल' असे उत्तर मला देण्यात आले. नव्या पॅडला बसायला वेळ लागतो हे खरे, पण अडकलेली हवा वापराने निघून जात नाही. मी तिथून गाडी रस्त्यावर नेली नाही. दुसऱ्या दिवशी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या चाकांच्या क्रमाने, आणि एबीएसचा पंप स्कॅनरने चालवून, पुन्हा हवा काढल्यावर पेडल जागेवर आले.

पॅड बसवण्याचा विधी मी स्वतः केला. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने दहा वेळा वेग कमी केला, एकदाही पूर्ण थांबलो नाही, आणि नंतर दहा मिनिटे ब्रेकला शक्यतो हात न लावता, खरे तर पाय न लावता, गाडी चालवून ते थंड होऊ दिले. पॅडच्या द्रव्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढावा यासाठी हे करायचे. तापलेल्या अवस्थेत पेडल दाबून उभे राहिले तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो, पुढे स्टीअरिंग थरथरते आणि आपण डिस्क वाकडी झाली म्हणून तिला दोष देतो.

वर्षभरात तोच घाट चार वेळा उतरलो, आता दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. पेडल शेवटच्या वळणापर्यंत पहिल्यासारखे राहते आणि दोन्ही रिमा सारख्याच तापतात. तोटे म्हणाल तर पुढच्या चाकांवर काळी भुकटी आठवड्यात जमते, आणि रात्रभर पाऊस पडला असेल तर सकाळचा पहिला ब्रेक क्षणभर घासल्याचा आवाज करतो.

बंद आवारातली चाचणी मी ब्रेकचे काम झाल्यावर पुन्हा केली होती. ताशी ८० वरून गाडी जुन्या रेघेच्या एका पावलाच्या आतबाहेरच थांबली. सहा महिन्यांनी टायरची नक्षी झिजली म्हणून चारही टायर नवे, चांगल्या पकडीचे घातले आणि त्याच वेगाने, त्याच खुणेवर ब्रेक दाबले. या वेळी गाडी थांबल्यावर उतरून पुढे गेलो तेव्हा रंगाची ती रेघ बंपरच्या पुढे चांगली तीन पावले होती.