कोटन कोर्ट, वॉरिकशायर: ट्यूडर हेरगिरीच्या कादंबऱ्या आवडत असतील तर हे घर बघाच

मला ट्यूडर काळातल्या, म्हणजे 1485 ते 1603 च्या इंग्लंडमधल्या, हेरगिरीच्या कादंबऱ्यांचं वेड आहे, म्हणजे एक भाऊ प्रोटेस्टंट राणीच्या बाजूने, दुसरा कट्टर कॅथलिक, मधल्या मधे घरातल्या बायकांचे हाल आणि कुणीतरी रात्री पत्रं पोचवतोय, असलं काही हातात पडलं की मला तहानभूक राहत नाही. पण एकाच घरात एवढं सगळं घडतं हे लेखक जरा वाढवूनच सांगत असणार असं कायम वाटायचं. कोटन कोर्ट बघून आले आणि ते मत पार बदललं.

बर्मिंगहॅमहून गाडीने साधारण पाऊण तास लागतो. स्पेलिंग बघून कॉफ्टन म्हणू नका, कोटनच म्हणतात. थ्रॉकमॉर्टन घराणं इथे 1409 पासून आहे. दारातला दगडी मनोरा लांबूनच दिसतो, तो आठव्या हेन्रीच्या काळातला. तेव्हाचे मालक सर जॉर्ज, हेन्रीच्या घटस्फोटाला विरोध करणारे, 1537 मध्ये त्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये डांबलं होतं. आणि त्यांचा सख्खा भाऊ मायकेल? तो हेन्रीच्या विरोधात गेलेल्या कार्डिनल पोल या कॅथलिक धर्मगुरूची पत्रं घेऊन इटलीतून लंडनला आला, हेन्रीचा मंत्री क्रॉमवेल याला पटवलं की मी तुमच्यासाठी पोलवर नजर ठेवतो, आणि परत गेला तो थेट पोलच्याच चाकरीत राहिला, क्रॉमवेल हात चोळत बसला! ही गोष्ट कादंबरीत असती तर मी म्हटलं असतं की जरा अतीच झालं.

पुढची पिढी तर अजून विचित्र. जॉर्जचा एक मुलगा रॉबर्ट, कॅथलिक, घर त्याच्याकडे. दुसरा निकोलस, प्रोटेस्टंट, इंग्लंडच्या कॅथलिक मेरी राणीच्या काळात 1554 ला राजद्रोहाचा खटला झाला, ज्युरीने निर्दोष सोडला तर ज्युरीलाच तुरुंगात टाकलं, मग एलिझाबेथ आल्यावर तो तिचा फ्रान्समधला राजदूत झाला. आणि यांचा पुतण्या फ्रान्सिस, तो स्कॉट्सची राणी मेरी (ही मेरी वेगळी, एलिझाबेथच्या कैदेतली) आणि स्पॅनिश राजदूत मेंडोझा यांची पत्रं पोचवत होता. एलिझाबेथचा हेरप्रमुख वॉल्सिंगहॅम याच्या माणसांनी कित्येक महिने पाळत ठेवून नोव्हेंबर 1583 मध्ये धरला, रॅक नावाच्या छळयंत्रावर ताणला, जुलै 1584 मध्ये लंडनच्या टायबर्न या फाशीच्या जागी मारला.

आई सोबत होती, साताऱ्याहून आलेली, तिने हे ऐकून पहिला प्रश्न विचारला, "अगं, मग पुतण्याला धरलं तेव्हा तो राजदूत चुलता काय करत होता?" तो 1571 मध्येच गेला होता. पण त्याची मुलगी बेस, म्हणजे फ्रान्सिसची सख्खी चुलतबहीण, त्याच 1584 मध्ये एलिझाबेथच्या खास सेवेत लागली. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्या पोरीने राणीसमोर कसं तोंड ठेवलं असेल गं." मला ते अजून डोक्यातून जात नाहीये.

एलिझाबेथच्या काळात कॅथलिक पाद्रींवर बंदी होती, म्हणून मनोऱ्यात पाद्री लपवायची जागा आहे, प्रीस्ट होल, ती चुकवू नका. एकाखाली एक अशा दोन जागा, म्हणजे शोधायला आलेल्यांना वरची रिकामी सापडली की ते निघून जातील. 19व्या शतकात ती सापडली तेव्हा आत अंथरूण, दोराची शिडी आणि घडीची चामडी वेदी होती. मी वाकून आत बघितलं, एक माणूस धड पाय पसरून बसू शकणार नाही एवढीच जागा, आणि वर शिपायांचे बूट वाजतायत, असं मनात येऊन अंगावर काटा आला.

काचेमागे पांढरं तागाचं अंगवस्त्र आहे, 1587 ला शिरच्छेदाच्या वेळी स्कॉट्सची राणी मेरी हिच्या अंगात होतं असं सांगतात. आणि दाराच्या वरच्या दिवाणखान्यात जाऊन थोडं बसा. ट्यूडर काळ संपून दोन वर्षं झाली होती, 6 नोव्हेंबर 1605, याच खोलीत कॅथलिक कटवाल्यांच्या ओळखीचे अ‍ॅन वॉक्स, लेडी डिग्बी आणि पाद्री गार्नेट वाट बघत होते आणि कटाचा म्होरक्या केट्सबी याचा नोकर बेट्स घोडा दामटत खबर घेऊन आला की संसद उडवून राजाला मारायचा गनपावडरचा कट फसला. केट्सबीची आई याच घरची लेक, थ्रॉकमॉर्टन.

मनोऱ्याचा जिना गोल आणि अरुंद आहे, गुडघे दुखत असतील तर वर जाऊ नका, आई खालीच थांबली. माहिती सांगणारे लोक फार प्रेमाने सांगतात, विचाराल तेवढं, घाई करत नाहीत. गुलाबाची बाग बघायची तर जून चांगला. उघडण्याच्या वेळा बदलतात तेव्हा निघण्याआधी बघून घ्या आणि दोन तास तरी हाताशी ठेवा, आम्हाला तीन लागले. माझ्याकडून पाचपैकी पाच.