तारण नको म्हणणाऱ्याला आम्ही आईच्या पाटल्या दिल्या

पायलट ट्रेनिंगच्या खोट्या कर्जापायी आमचे ३ लाख २८ हजार ८०० रुपये गेले. आकडा आधीच सांगते, कारण नातेवाइकांना आम्ही बरेच दिवस "गेले थोडेफार" एवढंच सांगत होतो.

पप्पा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त ठेवतात, आई घरी शिवणकाम करते. माझं बी.एस्सी. फिजिक्स गेल्या वर्षी झालं. पायलट व्हायची तयारी मी नीट केली होती. पुण्याला जाऊन क्लास टू मेडिकल केलं, डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्यांच्या परीक्षांना लागणारा कॉम्प्युटर नंबर काढला, घरी अभ्यास करून मेटिऑरॉलॉजी आणि एअर रेग्युलेशन्सचे पेपर पास झाले. त्यात पासिंगलाच ७० टक्के लागतात. गाडं अडलं ते पैशापाशी. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तासांचं फ्लाइंग लागतं आणि मला मिळालेलं कोटेशन राहण्याखाण्यासकट ४६ लाखांचं होतं. पुढे टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान चालवायच्या ट्रेनिंगचे, लाखो रुपये वेगळेच.

आधी आम्ही बँकेतच गेलो. तिथल्या साहेबांनी नीट बसवून समजावलं. फ्लाइंग स्कूल डीजीसीएने मान्यता दिलेलं असेल तर पायलट ट्रेनिंगला शैक्षणिक कर्ज बसतं, पण साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण लागतं. घर कुणाच्या नावावर, त्यांनी विचारलं. आमचं घर अजून आजोबांच्या नावावर आहे, वारस पाच, आणि सगळ्यांच्या सह्या एका कागदावर कधी आल्याच नाहीत. बाहेर येऊन पप्पा गाडीला किल्ली न लावता तसेच उभे राहिले. त्या साहेबांचा मला फार राग आला होता. आज वाटतं, या सगळ्या प्रकरणात आमच्याशी सरळ बोललेला पहिला माणूस तोच.

त्यानंतर पंधरा दिवसांत एका क्लासच्या बाहेर ते पत्रक दिसलं. पायलट, मेडिकल, परदेशी शिक्षण, विनातारण कर्ज. होटगी रोडला पहिल्या मजल्यावर ऑफिस, काचेचं दार, टेबलावर विमानाचं मॉडेल. बसलेला माणूस पस्तिशीचा, बोलायला गोड. पप्पांना काका म्हणाला, चहा मागवला. "आता सोलापुरातनं गोव्याला विमान जातंय काका, अजून मार्ग वाढणार, पायलट कुठनं आणणार?" गोव्याची सेवा जून २०२५ मध्ये खरंच सुरू झाली होती. त्या माणसाचं बोलणं सगळं असंच होतं, एक खरी गोष्ट पुढे आणि तिच्या आडोशाला खोटी. "बँकवाले सांगणार नाहीत, एनबीएफसीच्या स्कीम वेगळ्या असतात," हेही अर्धं खरंच. एनबीएफसी म्हणजे बँक नसलेल्या, कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्या. काही एनबीएफसी विनातारण शैक्षणिक कर्ज देतात, पण सहअर्जदाराची कमाई, त्याचे चालू हप्ते, त्याचा सिबिल स्कोअर, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याचे गुण, बघूनच देतात. या माणसाने पप्पांची पगाराची स्लिप एकदाही मागितली नाही. ४५ लाख देणारा माणूस फेडणाऱ्याचा पगार विचारत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

फाईल चार्ज १० हजार, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ११,८००. पावतीही दिली. त्या जीएसटीच्या १,८०० रुपयांनी आमचा विश्वास पक्का केला, चोर कशाला कर लावेल? आधार, पॅन आणि पप्पांच्या सहीचे दोन कोरे चेक घेतले. चौथ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर सँक्शन लेटर आलं, ४५ लाख मंजूर. मी प्रिंट काढून आणली, आईने देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी फोन, कर्जाचा विमा काढावा लागेल, ९२ हजार. ते पप्पांनी पतसोसायटीतून कर्ज उचलून भरले. मग आठवड्याने, मार्जिन मनी, म्हणजे कर्जातला आपला वाटा, पाच टक्के, २ लाख २५ हजार, आणि तेही शुक्रवारच्या आत, नाहीतर मंजुरी रद्द.

मग आईच्या पाटल्या निघाल्या. म्हणजे त्या निघत नव्हत्या. मोरीत बसून साबण लावून मी एकेक ओढून काढली. लग्नापासून हातात होत्या, खालची कातडी पांढरी पडली होती. "हातात घालून मिरवण्यापेक्षा पोरीच्या कामाला येतील," एवढंच ती म्हणाली. गंठणही दिलं.

सोनंतारण आम्ही एका बँकेत केलं. सराफाने कसोटीवर घासून पाहिलं, आमच्यासमोर वजन केलं, मॅनेजरने दोन ठिकाणी सह्या घेतल्या. प्रोसेसिंग फी आणि सराफाचे पैसे कर्जाच्या रकमेतून कापून बाकीचे पप्पांच्या खात्यात जमा केले. आमच्याकडून आधी एक रुपया घेतला नाही. खरं कर्ज कसं मिळतं ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी त्याच काउंटरवर खोट्या कर्जासाठी पैसे पाठवायचा आरटीजीएसचा फॉर्म भरत होते.

फॉर्मवर खातेदार म्हणून एका व्यक्तीचं नाव होतं, खातं बचत, शाखा परराज्यातली. खिडकीतल्या ताईंनी विचारलं, "हे कोण तुमचे?" मी म्हणाले, "कन्सल्टंटचे नोडल ऑफिसर." शब्द त्यानेच पढवलेला. त्यांनी पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

नंतर टीडीएसच्या नावाखाली आणखी ६७,५०० मागितले. तेव्हा पप्पा म्हणाले, आधी शाखा दाखवा, मी येऊन भेटतो. त्या संध्याकाळपासून फोन बंद. होटगी रोडला गेलो तर काचेच्या दाराला कुलूप, आणि घरमालक आम्हालाच विचारतोय की भाडं कोण देणार.

यानंतर जे केलं त्याची मला सगळ्यात जास्त खंत आहे. आम्ही अकरा दिवस गप्प बसलो. शेजारी काय म्हणतील, काका काय म्हणतील, पोरीच्या हट्टापायी बाप बुडाला म्हणतील. अकराव्या दिवशी मी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, पैसे कधी पाठवले? ताबडतोब कळवलं तर बँकांना कळवून ते पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, या नंबरचा खरा उपयोग त्या पहिल्या काही तासांत असतो. आमचे पैसे केव्हाच तिसऱ्या खात्यातून काढले गेले होते. सायबर पोलीस ठाण्यात तक्रार दिली, तपास चालू आहे. कोऱ्या चेकचं पेमेंट थांबवून घेतलं, आणि माझ्या पॅनवर कुणी कर्ज उचललंय का ते क्रेडिट रिपोर्ट काढून बघितलं. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो.

पायलट ट्रेनिंगसाठी पैसे शोधणाऱ्यांना हात जोडून सांगते. मान्यता असलेल्या फ्लाइंग स्कूलची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर आहे, नोंदणी असलेल्या एनबीएफसींची रिझर्व्ह बँकेच्या. बँकांकडे अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून स्वतः करता येतो, मध्ये माणूस लागत नाही. फ्लाइंगच्या फीचे पैसे बँक सहसा थेट स्कूलला टप्प्याटप्प्याने देते. मार्जिन मनी खऱ्या कर्जातही असतो, पण तो कुणा व्यक्तीच्या बचत खात्यात जात नाही. आणि सँक्शन लेटर आलं की ते घेऊन त्यावर लिहिलेल्या शाखेत स्वतः जा. आमच्या पत्रावर शाखेचा पत्ताच नव्हता.

ते पत्र मी खूप उशिरा नीट बघितलं. दोन पानं एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडाला धरली, तर दोन्हीवरचा जांभळा गोल शिक्का एकाच कोनात तिरका आणि एकाच जागी तुटलेला. हाताने मारलेले दोन शिक्के असे जुळत नाहीत.

मागच्या महिन्यात मोहोळचे एक काका ओळखीतून आमच्याकडे आले. मुलाला पायलट करायचंय, ११,८०० भरलेत, आता विम्याचे मागतायत. ऑफिस दुसरं, नाव दुसरं. त्यांनी पिशवीतून पत्र काढलं. शिक्का त्याच कोनात तिरका होता, त्याच जागी तुटलेला. पप्पांनी त्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही, तसंच गाडीवर बसवून सायबर पोलीस ठाण्यात घेऊन गेले.