शेवरलेचा ब्लॉक घेताना मी ‘एम’ला मार्च समजलो

आमच्याकडे अमळनेरला आजोबांची १९४७ची शेवरले फ्लीटमास्टर आहे. कापसाच्या व्यापारात बरे दिवस आले तेव्हा आबांनी ती मुंबईहून घेतली. जनरल मोटर्सचा शिवडीला कारखाना होता, १९२८ ते १९५४. परदेशातून खोक्यांत आलेले सुटे भाग तिथे जोडून गाड्या तयार व्हायच्या. आमची गाडी तिथलीच. आग्रा रोडने कसारा घाट चढून, धुळ्यावरून आबांनी ती स्वतः चालवत आणली, ही गोष्ट घरातल्या लहान पोरांनाही पाठ आहे. पैशांची अडचण आली तरी ही गाडी विकायची नाही, एवढं आबा जाताना सांगून गेले.

गेल्या मे महिन्यात भुसावळहून लग्न लावून परत येत होतो. ऊन पंचेचाळीसच्या वर. पाळधीजवळ गाडीनं वाफ धरली. आम्ही निंबाच्या सावलीला थांबलो, पण धीर धरायला हवा होता तेवढा धरला नाही. पुतण्यानं बाटलीतलं बर्फाचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. बीड, म्हणजे इंजिनाचं ओतीव लोखंड, तापलेलं असताना त्याला एकदम गार पाणी लागलं की ते आक्रसतं आणि तडकतं. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याच्या, बाजूला वीतभर तडा गेला. पोराला मी काही बोललो नाही, तो आधीच रडवेला झाला होता. गाडी ट्रकवर घालून घरी आणली.

आमचे मिस्त्री, त्यांना सगळे अप्पा म्हणतात, तडा पाहून म्हणाले, “शिवता येईल, पण वेळ लागेल. घाई करू नका.” घाई मलाच होती. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचा नियम आणला. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. माझा अर्ज तयार होता. म्हणून मला दुसरा ब्लॉक हवा होता, पण त्याच जातीचा आणि त्याच सालचा. मी चार ठिकाणी शब्द टाकून ठेवला.

पंधरा दिवसांत एकाचा फोन आला. त्याचं आणि त्याच्या गावाचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार दिलेली आहे. जुन्या गाड्यांचे भाग विकतो, बोलायला अतिशय गोड. पहिल्याच फोनवर “दादा, तुमच्या आबांच्या गाडीला मी दुसऱ्याचा माल लावू देणार नाही” असं म्हणाला. मग फोटो आले. त्यात ब्लॉकच्या अंगावर उठावदार अक्षरं होती. सहा-सात आकडी ओतीव नंबर आणि जवळच वेगळा ‘एम १२ ७’.

आणि त्यानं मला समजावून सांगितलं. ओतीव नंबर म्हणजे फर्म्याचा, ज्या नमुन्यावरून वाळूचा साचा घेतात त्याचा, नंबर, एका फर्म्यातून हजारो ब्लॉक निघतात, सगळ्यांवर तोच असतो. शेजारचं अक्षर आणि आकडे ही ओतल्याची तारीख. अक्षर म्हणजे महिना, मधला आकडा दिवस, शेवटचा आकडा सालाचा अखेरचा अंक. “एम म्हणजे मार्च, १२ मार्च ४७. दादा, तुमच्या गाडीच्याच सालाचा.” मी रात्री नेटवर ताडून पाहिलं, पद्धत खरी निघाली. शेवरले खरंच अशीच तारीख ओतायची. माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला. त्यानं सांगितलेलं एवढं सगळं खरं होतं, म्हणून उरलेलं एक मी तपासलंच नाही.

ते एक असं. शेवरलेच्या तारखेतलं अक्षर महिन्याच्या नावाचं आद्याक्षर नसतं. जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी, अशी ओळीनं बारा अक्षरं, डिसेंबरला एल. तिथे संपलं. एम हे अक्षर शेवरलेच्या तारखेत येतच नाही. मार्च म्हणजे सी. जरा विचार केला असता तरी कळलं असतं, कारण आद्याक्षर धरलं तर मार्च आणि मे दोन्ही एम, जून-जुलै दोन्ही जे. कोणता कारखाना अशी खूण ठेवेल? फोर्डच्या १९६०च्या दशकातल्या ब्लॉकवर एम सापडतो, कारण ते आय वगळून मोजतात आणि डिसेंबरला एम येतो. पण फोर्डमध्ये सालाचा आकडा आधी असतो. क्रायस्लरच्या कित्येक ब्लॉकवर तर महिना-दिवस-साल सरळ आकड्यांत ओतलेलं असतं. म्हणजे कंपनी बदलली की वाचायची रीत बदलते, आणि एकीची रीत दुसरीला लावून चालत नाही.

मी माल पाहायला गेलो तेव्हा ब्लॉकला निळसर करडा जाड रंग ताजाच मारलेला होता. विचारलं तर म्हणाला, गंज धरू नये म्हणून. डिस्ट्रिब्युटरशेजारी जिथे इंजिन नंबर ठोकलेला असतो ती पट्टी कोरी होती. त्याचंही उत्तर तयार होतं: “हा सर्व्हिस ब्लॉक, स्पेअरमध्ये आलेला, त्यावर कंपनी नंबर मारत नव्हती.” हेही अर्धं खरं. स्पेअरचे ब्लॉक कोरे यायचे. सांगितलेली किंमत दोन लाख, ठरली एक लाख चाळीस हजार. वीस हजार फोनवरून पाठवले, उरलेले रोख. बिल मागितलं तर “जुन्या मालाचं बिल कसलं दादा, माझा शब्द आहे” म्हणाला. धाब्यावर शेवभाजी खाऊ घातली आणि ब्लॉक टेम्पोत चढवून दिला.

घरी अप्पांनी ब्लॉक पाहिला. दहा मिनिटं नुसते भोवती फिरले. मग चष्मा वर करून तारखेवरून अंगठा फिरवला, वहिनीकडून शिवणाची सुई मागवली आणि एमच्या पायाशी खरवडलं. करडी भुकटी निघाली. अप्पा मुळचे पारोळ्याकडचे, मनातलं बोलायचं असलं की अहिराणीत बोलतात. म्हणाले, “भाऊ, हाई बीड नई शे.”

एम-सीलसारखी लुगदी होती. शेजारचा ओतीव नंबरही तसाच. खालचा खरा नंबर ग्राइंडरनं घासून काढून त्यावर लुगदीचे आकडे चिकटवले होते, वरून रंग.

त्यानंतर अप्पांनी मला जे दाखवलं ते इथे नीट लिहितो, कारण आपल्याकडे धुळे, जळगाव, नंदुरबार पट्ट्यात जुन्या जीपा, अँबेसेडर, फियाट पुन्हा उभ्या करणारी पोरं बरीच झाली आहेत आणि सगळा माल आता फोटोंवरून घेतला जातो.

ओतीव अक्षर फर्म्यातून वाळूत आणि वाळूतून बिडात उतरतं. फर्मा वाळूतून उपटून काढावा लागतो, म्हणून अक्षराच्या कडा किंचित उतरत्या असतात आणि बुडाशी गोलाई असते. चिकटवलेल्या किंवा कोरलेल्या अक्षराच्या कडा सरळ उभ्या असतात. वाळूचा खरखरीतपणा अक्षराच्या माथ्यावर आणि शेजारच्या जागेवर सारखाच हवा. माझ्या ब्लॉकवर अक्षरं गुळगुळीत होती आणि भोवती तळहाताएवढी जागा घासलेली. तारखेची तर आणखी एक खूण आहे. तारीख बदलावी लागते, म्हणून ती फर्म्यावर छोट्या पट्टीनं बसवलेली असते. त्या पट्टीची चौकट आणि स्क्रूंची गोल डोकी कित्येक ब्लॉकवर तारखेसोबत उमटलेली दिसतात. पट्टी बऱ्याचदा थोडी वाकडी बसलेली असते. वाकडी तारीख पाहून घाबरायचं कारण नाही, उलट रांगोळीसारखी रेखीव तारीख दिसली तर थांबायला हवं.

इंजिन नंबराचं वेगळं. तो ओतलेला नसतो, ठोकलेला असतो, म्हणजे आत गेलेला. ज्या पट्टीवर तो ठोकतात ती मशीनवर सपाट केलेली असते आणि तिचं पोत एकसारखं दिसतं. माझ्या पट्टीवर बॅटरी आडवी धरली तेव्हा हातग्राइंडरचे अर्धगोल ओरखडे चमकले. सर्व्हिस ब्लॉक मुळीच नव्हता. कुणीतरी नंबर घासला होता. हे पाहून मला पैशांहून जास्त भीती वाटली. घासलेल्या नंबरचं इंजिन म्हणजे ते कुठल्या गाडीतून आलं, चोरीचं आहे का, याचा पत्ता नाही, आणि ते माझ्या दारात पडलेलं.

मग अप्पांनी मोजमाप घेतलं. आमचं इंजिन २१६ क्यूबिक इंचांचं, साधारण ३,५४८ सीसी. सहा सिलिंडर, बोअर (सिलिंडरची रुंदी) साडेतीन इंच, स्ट्रोक (पिस्टनची खालीवर धाव) पावणेचार. त्याचा मोठा भाऊ २३५, ट्रकांना लागायचा, बाहेरून दिसायला जवळपास तसाच. त्याचा बोअर एक सोळांश इंचानं जास्त. पण जुन्या ब्लॉकचा बोअर मोजून निकाल लागत नाही. साठ थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोरिंग होऊन रुंद झालेला २१६ आणि नवा २३५ यांत अडीच थाऊचाच फरक उरतो. स्ट्रोक मात्र सहसा खोटं सांगत नाही. मी ब्लॉक क्रँक-पिस्टनसकट घेतला होता. पिस्टन पार खाली आणि पार वर नेऊन अंतर घेतलं, तर भरलं १०० मिलिमीटर. २१६ला ते ९५ आणि थोडं वर यायला हवं. ट्रकचं २३५ मला मोटारीचं २१६ म्हणून विकलं होतं.

२३५ वाईट इंजिन नाही, हे मी स्पष्ट सांगतो. खरं सांगून विकलं असतं तर कुणी आनंदानं नेलं असतं. मला ते कागदाला चालणारं नव्हतं, आणि तो ते जाणून होता.

एवढ्यावरही थांबलं नाही. जळगावच्या एमआयडीसीत एका बोरिंगवाल्याकडे ब्लॉकची पाण्याची जागा बंद करून हवेच्या दाबानं तपासली. जाड रंगाखालून दोन ठिकाणी बुडबुडे आले. तडे लुगदीनं बुजवले होते. मी एक तडकलेला ब्लॉक बदलायला दुसरा तडकलेला ब्लॉक आणला होता.

त्याला फोन केला तेव्हा आवाज तोच गोड. “दादा, जुना माल, पाहून घेतला ना तुम्ही?” चौथ्या दिवसापासून फोन लागेना. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली, फसवणुकीची, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. ठाणे अंमलदारांनी नीट ऐकून घेतलं, पण माझ्या हातात पुरावा काय होता? वीस हजारांची ऑनलाइन नोंद आणि फोटो. रोखीच्या एक लाख वीस हजारांचा कुठे कागद नाही. नंबर घासलेला ब्लॉक घरात आहे, हेही त्याच तक्रारीत मी स्वतः लिहून दिलं. वकिलांनी ते आवर्जून करायला सांगितलं होतं. तुमच्याकडे असा माल येऊन पडला असेल तर तो लपवू नका, पुढे विकू तर अजिबात नका. तपास चालू आहे. पैसे परत आलेले नाहीत.

आणि कुणी “तुमच्या आरसीतला नंबर पंच करून देतो” म्हणालं तर तिथून उठा. इंजिन खरोखर बदललं तर ते आरटीओला कळवून आरसीत नोंदवता येतं, त्याला रीतसर वाट आहे. दुसऱ्या ब्लॉकवर जुना नंबर ठोकला की फसवणूक तुमच्या नावावर चढते.

मी आता माल पाहायला जाताना खिशात सुई, छोटी बॅटरी, तारेचा ब्रश, खडू आणि स्टीलची पट्टी ठेवतो. रंगवलेला भाग असेल तर खुणेच्या जागी बोटभर रंग खरवडू द्या म्हणतो. पन्नास हजारांवरचा माल विकणारा बोटभर रंगासाठी नाही म्हणत असेल तर मी परत येतो. फोटो मागवतानाही नुसत्या आकड्यांचा जवळून काढलेला फोटो पुरत नाही. अख्खा ब्लॉक दिसत असताना हात न थांबवता आकड्यांपर्यंत नेलेला व्हिडिओ मागायचा, नाहीतर आकडे एका ब्लॉकचे आणि माल दुसरा.

आबांच्या मूळ ब्लॉकचं सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर अप्पांनी तो शिवायला घेतला. वेल्डिंग न करता, तड्यावर ओळीनं भोकं पाडून त्यात चुडीचे (आट्यांचे) खिळे एकात एक गुंतवत बसवायचे, असं ते काम. त्याआधी ब्लॉक धुताना सत्तर वर्षांचं ऑइल आणि धूळ तारेच्या ब्रशनं निघाली, आणि मी पहिल्यांदा आमच्याच इंजिनावरची तारीख पाहिली. खडू फिरवला तशी ती वर आली: ए २२ ७. २२ जानेवारी १९४७. भोवती पट्टीची चौकट आणि दोन बाजूंना स्क्रूची दोन डोकी. तारीख एका अंगाला कललेली. मी फोटोंवर रात्री जागवल्या तेव्हा ताडून पाहायला खरा नमुना माझ्याच गोठ्यात, पोत्याखाली पडला होता. अप्पांनी काही म्हटलं नाही, खडू माझ्या हातातून घेऊन खिशात टाकला.

ब्लॉक आता शिवून झाला आहे, दाबाच्या तपासणीत टिकला आहे, गाडी धरणगावपर्यंत जाऊन आली. तो दुसरा ब्लॉक पोलिसांच्या पंचनाम्यानंतर आमच्याच गोठ्यात ठेवलेला आहे. त्यावरच्या लुगदीतले निम्मे आकडे अप्पांनी मुद्दाम तसेच राहू दिले आहेत. अमळनेरकडे येणं झालं आणि हाताला फरक कळून घ्यायचा असेल तर या, दोन्ही ब्लॉक शेजारी शेजारी आहेत, सुई मी देईन.