संभाजीनगरचा पायाचा सर्जन: पाय सुजलाय पण दुखत नाही, अशांनी जरूर वाचा

आमच्या बापूंचा डावा पाय घोट्याच्या खाली सुजला, लालबुंद झाला, हात लावला की गरम लागायचा आणि गंमत म्हणजे दुखणं जवळजवळ काहीच नव्हतं. जखम नाही, काटा रुतलेला नाही. बापूंना शुगर लई जुनी. तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स झाले, सलाईन झाली, सूज काय हटंना. आणि दुखत नाही म्हणून बापू शेतात चालतच होते, वेचणीचे दिवस, घरी बसा म्हणलं तरी कोण ऐकतंय.

मंग एका नातेवाईकानं सांगितलं की संभाजीनगरला फक्त पाय आणि घोटा बघणारे सर्जन आहेत. आम्ही परतूरकडचे, गाडी करून गेलो. सर्जन म्हणल्यावर आईनं ऑपरेशनच्या हिशोबानं कपड्यांची पिशवी भरून घेतली होती, ती तशीच वापस आली.

डॉक्टरांनी पहिल्यांदा दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी ठेवले, हाताच्या मागच्या बाजूनं दोन्हींचा गरमपणा बघितला, मग छोट्या थर्मामीटरनं मोजला. डावा चांगलाच गरम निघाला. नंतर बापूंना डोळे मिटायला लावले आणि तळपायाला एक जाड नायलॉनचा दोरा टेकवायला लागले, १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणतात त्याला, तो वाकेपर्यंत दाबायचा आणि विचारायचं कळलं का. बापू गप्प. अंगठ्याखाली गप्प, टाचेला गप्प. आईचा चेहरा तिथंच उतरला, कारण दोरा पार वाकलेला आम्हाला समोर दिसत होता आणि बापूंना पत्ताच नव्हता. नंतर झोपवून पाय उशांवर उंच ठेवला, थोड्या वेळानं बघतो तर लाली बरीच उतरलेली. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शनची लाली अशी पाय वर केल्यानं सहसा उतरत नाही. तरी रक्त तपासलं, पायातल्या नसांचा रक्तपुरवठा बघितला, आणि एक्सरे उभं करून, अंगाचा भार पायावर देऊन काढला. झोपून काढलेल्या एक्सरेत हाडं भाराखाली कशी सरकतात ते कळत नाही म्हणे.

आजाराचं नाव शार्को फूट. शुगरनं पायाची जाणीव गेली की आतली हाडं बारीक बारीक मोडतात, सांधे सुटतात, माणसाला दुखत नाही म्हणून तो चालत राहतो आणि पायाची कमान खाली बसते. मग तळव्याला हाड टोचून जखम होते, ती चिघळली तर गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाते. एका पायात २६ हाडं असतात हे मला तिथंच कळलं. एवढ्या सुरुवातीला एक्सरे नॉर्मलपण येऊ शकतो, मग एमआरआय लागतो, आमच्या एक्सरेत मात्र स्पष्ट दिसलं.

उपचार काय तर गुडघ्याखालपासून बोटांपर्यंत पायाला घट्ट बसणारं प्लास्टर, टोटल कॉन्टॅक्ट कास्ट. बापूंनी विचारलंच, "डॉक्टरसाहेब, मला दुखंना कायच, मंग प्लास्टर कामून?" डॉक्टर चिडले नाहीत, हातात हाडांचं मॉडेल घेऊन शांतपणे सांगितलं, "बापू, दुखत नाही हाच तर आजार आहे." सूज उतरली की प्लास्टर ढिलं होतं म्हणून सुरुवातीला आठवड्या-आठवड्याला बदलावं लागतं, आणि हे महिनोन्महिने चालतं, दोन्ही पाय सारखे गार होईपर्यंत. पाय गरम असताना ऑपरेशन शक्यतो टाळतात. नंतर हाड बाहेर आलं किंवा पाय डगमगायला लागला तरच सर्जरी.

म्हणजे पायाचा सर्जन निस्ता कापाकापीवाला नसतो हे लोकांना कळायला पाहिजे. शेजारी बसलेल्या मावशींची सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाच दुखायची, त्यांना पोटरीचे व्यायाम आणि मऊ चप्पल सांगून घरी पाठवलं. आपल्याकडं पायाचा सर्जन म्हणजे आधी एमएस किंवा डीएनबी ऑर्थो झालेला हाडाचा डॉक्टर आणि वरून फूट अँड अँकलची फेलोशिप. अमेरिकेत पोडियाट्रिस्टची, म्हणजे फक्त पायाच्या डॉक्टरची, डिग्रीच वेगळी असते, तसं इथं नाही, म्हणून बोर्डावर निस्तं फूट क्लिनिक दिसलं की आत शिरू नका, डिग्री वाचा, मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बघा, फेलोशिप कुठं केली ते सरळ विचारा. चांगला डॉक्टर राग मानत नाही. बोट काळं पडलं असंल, रक्तच पोचत नसंल तर व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांचा, सर्जन लागतो, तेही ह्याच डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं.

दवाखान्याच्या तक्रारी पण लिहितो. पायाचे पेशंट येतात आणि ओपीडी पहिल्या मजल्यावर, लिफ्ट लहान, व्हीलचेअर जेमतेम शिरती. अपॉइंटमेंट असून बसावं लई लागतं, कारण डॉक्टर एकेका पेशंटला वेळ देतात. फी नेहमीच्या हाडाच्या दवाखान्यापेक्षा जास्त, आणि जनआरोग्य योजना तिथं चालत नाही, फोनवर आधीच विचारून घ्या. रिसेप्शनवरची मुलगी मात्र लई समजूतदार, प्लास्टर बदलायला येणाऱ्या लांबच्या गावच्या लोकांना सकाळचा नंबर देती. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक कापला तो लिफ्टसाठी.

बापूंची सूज आता बरीच कमी आहे, प्लास्टर चालूच आहे, वॉकर घेऊन फक्त बाथरूमपर्यंत. नंतर एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबराच्या, चपला मापानं बनवून घ्यायच्यात. जाताना शुगरचे रिपोर्ट, जुने एक्सरे आणि रोजच्या वापरातली जुनी चप्पल सोबत न्या. डॉक्टर चप्पल उलटी करून तळ कुठं झिजलाय ते बघतात, बापूंची आतल्या बाजूनं पार झिजलेली निघाली.