शेंगदाण्याची ॲलर्जी: कडक पथ्य की ओरल इम्युनोथेरपी?

मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असल्याचे निश्चित झाले की पालकांपुढे मुख्यतः दोन मार्ग असतात: शेंगदाणा पूर्णपणे वर्ज्य करणे, किंवा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तोच अत्यल्प मात्रेत रोज देऊन सहनशक्ती वाढवणे, म्हणजेच ओरल इम्युनोथेरपी.

पथ्यात औषधाचे दुष्परिणाम नाहीत, पण सगळी भिस्त दक्षतेवर असते. पाकिटावरील घटकांची यादी दर खरेदीला नव्याने वाचावी लागते, कारण ओळखीच्या पदार्थातले घटकही बदलतात. साधारण पाचांतल्या एका मुलाची ही ॲलर्जी वाढत्या वयात जाते. म्हणून मूल लहान असेल आणि चाचण्यांमधील आकडे उतरत असतील, तर थांबणे मला योग्य वाटते.

इम्युनोथेरपीचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ४ ते १७ वर्षांच्या, उपचार घेतलेल्या मुलांपैकी सुमारे ६७ टक्के मुलांना वर्षभरानंतर ६०० मिलिग्रॅम शेंगदाणा-प्रथिन, म्हणजे जेमतेम दोन-तीन दाणे, सोसले; प्लासिबो गटात, म्हणजे औषधाऐवजी तसाच दिसणारा निष्क्रिय डोस मिळालेल्या मुलांत, हे प्रमाण ४ टक्के होते. मात्र उपचार घेणाऱ्यांपैकी १४ टक्के मुलांना दवाखान्याबाहेर ॲड्रेनलिन, म्हणजे तीव्र प्रतिक्रियेवरचे तातडीचे इंजेक्शन, द्यावे लागले, तर प्लासिबो गटात ६.५ टक्के मुलांना. म्हणजे चुकून पोटात गेलेल्या कणापासून संरक्षण मिळते, मनसोक्त खाण्याची मुभा नव्हे, आणि पथ्यही सुटत नाही. डोस घेतल्यावर ओठ खाजतात, मूल जीभ टाळूवर घासत राहते आणि तेव्हा कोणीतरी मोठे माणूस जवळ बसलेले असावे लागते. पुढचे काही तास धावपळ आणि गरम पाण्याची आंघोळ टाळावी लागते, ताप आल्यास डॉक्टरांना विचारूनच डोस द्यायचा असतो. दमा आटोक्यात नसेल तर हा मार्ग धरूच नये.

अमेरिकेत २०२४ मध्ये एक वर्षावरील रुग्णांसाठी ओमालिझुमॅब इंजेक्शनलाही मान्यता मिळाली. तेही अपघाती सेवनापुरतेच.

घरात नीट पथ्य पाळूनही बाहेर वारंवार प्रतिक्रिया येत असतील आणि रोजचा डोस न चुकवण्याइतकी घडी बसलेली असेल, तर मी इम्युनोथेरपीचा कौल देईन. मूल डोसलाच घाबरत असेल, तर पथ्याचा.

मार्ग कोणताही असो, ॲड्रेनलिनचे पेन मुलासोबतच हवे. श्वास लागला, आवाज बसला किंवा मूल गळून गेले, तर ॲलर्जीच्या गोळीवर वेळ न दवडता ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गरज पडल्यास कपड्यावरूनच द्यावे. त्यानंतर मुलाला आडवे ठेवावे, धाप लागत असेल तर बसू द्यावे, उभे करू नये. आणि बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावे, कारण काही तासांनी लक्षणे पुन्हा उद्भवू शकतात.