यूव्ही : वेगाचं सगळेच सांगतात, सी ड्राइव्हचं कोण सांगणार?

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली म्हणून लिहायला बसलोय. यूव्ही काय आहे ते वाचणाऱ्यांना माहीत आहे असं धरतो. अ‍ॅस्ट्रलवाल्यांचं, रस्टमध्ये लिहिलेलं, 2024 च्या फेब्रुवारीत आलेलं, पायथनची पॅकेजेस बसवणारं पिप आणि प्रत्येक प्रोजेक्टची पॅकेजेस वेगळ्या फोल्डरात ठेवणारं व्हेन्व्ह, या दोघांची कामं एकटं करणारं. वेगाबद्दल वाद नाही, त्यावर शब्द खर्च करत नाही.

माझं काम सांगलीत बसून तासगावच्या बेदाण्याचं. मेव्हण्याच्या गोडाऊनवर फोटो काढायचे आणि मॉडेलनं प्रत सांगायची. हिरवा, पिवळा, काळा हे त्याला पटकन जमलं. देठ राहिलेला दाणा अजून ओळखत नाही, पण तो राग वेगळा. लॅपटॉप जुना, विंडोजचा, 4 जीबीचं एनव्हिडिया कार्ड. सी म्हणजे 256 जीबीची एसएसडी, डी म्हणजे 1 टीबीची साधी हार्ड डिस्क. साहजिकच सगळे प्रोजेक्ट डीवर.

इथेच मेख आहे. यूव्ही प्रत्येक पॅकेज एकदाच कॅशमध्ये, म्हणजे स्वतःच्या साठवणीच्या फोल्डरात, उतरवतं आणि प्रोजेक्टच्या व्हेन्व्हमध्ये त्याची फक्त हार्डलिंक, म्हणजे त्याच फाइलचं दुसरं नाव, टाकतं. सांगलीशेजारच्या हरिपूरच्या पेवांबद्दल (हळद साठवायचे जमिनीतले खड्डे) घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं असेल तर लगेच कळेल : हळद पेवातच, फिरते ती पावती. पण हार्डलिंक एकाच ड्राइव्हच्या आत चालते. विंडोजवर कॅश आपोआप सीवर, अ‍ॅपडेटाच्या पोटात बसते. प्रोजेक्ट डीवर असला की लिंक जमत नाही, मग अख्खी कॉपी होते. मॉडेल चालवणारी लायब्ररी म्हणजे टॉर्च (पायटॉर्च), त्यातलं एनव्हिडिया कार्ड वापरणारं कूडाचं टॉर्च उलगडलं की चार-पाच जीबी. म्हणजे सीवर एकदा, आणि डीवर प्रत्येक प्रोजेक्टमागे पुन्हा एकदा.

वॉर्निंग येते, नाही असं नाही. हार्डलिंक जमली नाही, पूर्ण कॉपी करतोय, परफॉर्मन्स कमी होऊ शकतो, एवढं सांगते. परफॉर्मन्सला काय चाटायचंय? जागा दुप्पट जाणार, हे चार शब्द लिहायला काय होतं? वर उपाय म्हणून लिंक मोड कॉपी करा म्हणते. त्यानं वॉर्निंग गप्प होते, जागा परत येत नाही.

खरा उपाय म्हणजे यूव्ही_कॅश_डिर हे व्हेरिएबल लावून कॅशच डीवर न्यायची. नेली, व्हेन्व्ह नव्याने बांधले. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितलं तर आकडा तोच! इथवरचा मजकूर मी तेव्हा लिहिला होता आणि पुढे यूव्हीला चांगलं झापणार होतो. मग डी ड्राइव्हची मोकळी जागा बघितली, ती भरपूर वाढलेली. विंडोज हार्डलिंक असलेली फाइल प्रत्येक फोल्डरमध्ये पूर्ण वजनानं मोजतं. तेव्हा प्रॉपर्टीजवर विश्वास ठेवू नका, ड्राइव्हवर किती मोकळं आहे तेवढंच बघा. राग निम्मा उतरला. वॉर्निंगबद्दलचा कायम आहे.

टॉर्चचं वेगळं रडगाणं. साधं 'यूव्ही अ‍ॅड टॉर्च' केलं की विंडोजवर सीपीयूचं येतं, कारण पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक साठ्यावर, विंडोजसाठी तेवढंच असतं. कूडा आहे का विचारलं की 'फॉल्स'. पायटॉर्चच्या स्वतःच्या साठ्याचा पत्ता (इंडेक्स) प्रोजेक्टच्या पायप्रोजेक्ट फाइलमध्ये लिहावा लागतो, मग अडीच जीबीच्या आसपासचं व्हील, म्हणजे तयार पॅकेजची फाइल, यायला लागतं. माझा मोबाइल पॅक दिवसाला 2 जीबीचा. घरचं वायफाय संध्याकाळी मान टाकतं, आणि यूव्हीचा टाइमआउट मुळात 30 सेकंदांचा. निदान त्याच्या एररमध्ये कोणतं व्हेरिएबल वाढवायचं ते लिहिलेलं असतं. मी 300 करून ठेवलंय. मेव्हणा शेजारी बसून विचारतो, "दाजी, परत डाऊनलोड? काल काय केलंसा मग?"

पण त्याच गोडाऊननं माझं मत फिरवलं. तिथल्या पीसीला नेट नाही, कोल्ड स्टोरेजच्या भिंतीआड रेंजही नाही. कॅश एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घालून नेली, व्हेरिएबल तिकडे वळवलं आणि पॅकेजेस बसवणाऱ्या 'यूव्ही सिंक' ला ऑफलाइन लावलं. नेमकी व्हर्जनं नोंदवणाऱ्या लॉक फाइलमध्ये जे व्हर्जन होतं तेच, टॉर्चसकट, एक बाइट डाऊनलोड न करता बसलं. मेव्हण्याला यात विशेष काय ते कळलं नाही. मला मात्र पॅकचे पैसे डोळ्यांसमोर दिसत होते. फक्त ध्यानात ठेवा, पायथन स्वतः कॅशमध्ये नसतो, यूव्ही तो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. तो त्या मशीनवर आधी हवा.

जागा कमी पडली तर 'कॅश प्रून' करा, ते निरुपयोगी झालेलंच काढतं. 'कॅश क्लीन' सगळं धुऊन टाकतं, अडीच जीबीसकट. मेव्हण्याच्या पीसीवर ही कमांड कुणी चालवायची नाही असं कागदावर लिहून चिकटवलंय.

मिनिकॉन्डा, म्हणजे कॉन्डा हा दुसरा पॅकेज बसवणारा, अजून काढलेला नाही. द्राक्षबागेच्या ड्रोन फोटोंना जीडॅल ही नकाशांची लायब्ररी लागते, ती कॉन्डाच्या कॉन्डा-फोर्ज साठ्यावरून तयार मिळते. यूव्ही पायथनबाहेरच्या लायब्रऱ्यांची जबाबदारी घेत नाही. कोणती व्हर्जनं एकमेकांशी जुळतात ते शोधणारा कॉन्डाचा सॉल्व्हर पूर्वी रडवायचा, 2023 मध्ये लिबमाम्बा हा नवा सॉल्व्हर आल्यापासून सुसह्य आहे. तेवढ्या एका कामासाठी मिनिकॉन्डा सीवर जागा अडवून बसलाय, छाटणीचा हंगाम संपला की बघतो. नवीन एसएसडी मात्र घेणार नाही.