डायलिसिस: अ‍ॅलिस स्प्रिंग्जला की किंटोरला?

मूत्रपिंडं निकामी झाली की आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घ्यावं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या किंटोर गावच्या पिंटुपी आदिवासींसाठी याचा अर्थ एकच होता: पाचेकशे किलोमीटरवरच्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जला कायमचं बिऱ्हाड. तिथे तज्ज्ञ होते, यंत्रं होती, नातवंडं नव्हती. २००० मध्ये त्यांनी आपल्या चित्रांचा लिलाव करून दहा लाख डॉलरहून जास्त जमवले आणि २००४ मध्ये किंटोरलाच यंत्र बसवलं. हे काम करणारी त्यांची संस्था म्हणजे पर्पल हाउस. गुंतागुंत झाली तर शहरातलं रुग्णालय लागतंच, आणि वाळवंटात टिकणारी नर्स मिळणंही सोपं नाही. तरी रोजच्या उपचारासाठी मी डोळे झाकून किंटोर निवडेन. २०१८ पासून अशा दुर्गम डायलिसिसला मेडिकेअरचे, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे मिळतात (उशिरा का होईना!). रुग्णाला दूरच्या वस्तीवर मयताला जायचं असेल, तर पर्पल हाउसचा जांभळा ट्रक यंत्र घेऊन तिथे पोचतो.